अवकाशातला सेन्सर बिघडला तर दुरुस्त कोण करणार? यानातली ‘स्मार्ट’ चिप अशी घडते

एप्रिल-मे महिन्यात रावेर तालुक्यातला केळी उत्पादक दोन ठिकाणी लक्ष ठेवून असतो. एक आभाळाकडे आणि दुसरं आपल्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राकडे. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे त्या केंद्राच्या आकड्यांवर ठरतं. पारा ठरलेल्या अंशांच्या वर, ठरलेले दिवस सलग राहिला तर पैसे मिळतात. एखाद्या दिवशी अर्ध्या अंशाने हुकला तर सगळंच हुकतं. म्हणजे खांबावर बसवलेल्या नखाएवढ्या सेन्सरवर अख्ख्या बागेचा हिशोब अवलंबून असतो. तो चुकीचं मोजतोय अशी शंका आली तर निदान तक्रार तरी करता येते. कुणीतरी येऊन तपासू शकतं, बदलू शकतं.

आता हाच सेन्सर ३६ हजार किलोमीटर उंचीवर असेल तर?

इन्सॅट-३डीआर (८ सप्टेंबर २०१६ ला सोडलेला) आणि इन्सॅट-३डीएस (१७ फेब्रुवारी २०२४) हे आपले हवामान उपग्रह त्याच उंचीवरून ढगांच्या माथ्याचं, जमिनीचं आणि समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान मोजतात. टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी दिसणारं ढगांचं चित्र अशाच उपग्रहांकडून येतं. तिथे पाना घेऊन कुणी जाऊ शकत नाही. सुटा भाग मिळत नाही. सेन्सर खोटं बोलायला लागला तर ते ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर करायचं काय, याचं उत्तर चिप तयार होण्याआधी, कागदावर असतानाच द्यावं लागतं. अवकाशासाठी सेन्सर चिप आखणं म्हणजे मुख्यतः हेच काम.

‘स्मार्ट’ म्हणजे नेमकं काय?

साधा सेन्सर फक्त जाणवून घेतो. प्रकाश पडला, उष्णता वाढली, धक्का बसला की त्यातून अगदी क्षीण विद्युत संकेत निघतो. तो संकेत लांब तारेतून मुख्य संगणकापर्यंत न्यायचा तर वाटेत यानातल्या इतर यंत्रांची खरखर त्यात मिसळते. शिवाय तारांना वजन असतं आणि यानात ग्रॅम ग्रॅमचा हिशोब होतो.

म्हणून सेन्सरच्या शेजारीच, अनेकदा त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर, बाकीचा संसार मांडतात. संकेत मोठा करणारा ॲम्प्लिफायर, संकेताचा आकडा बनवणारा परिवर्तक, त्या आकड्यावर थोडा विचार करणारं तर्कमंडल आणि दुरुस्तीचे आकडे साठवणारी छोटी मेमरी. बाहेर पडते ती थेट डिजिटल माहिती. ही झाली स्मार्ट सेन्सर चिप.

आकडा बनवण्याची पायरी समजायला सोपी आहे. समजा चिपला उणे ५५ ते अधिक १२५ अंश सेल्सिअस एवढा पल्ला मोजायचा आहे, म्हणजे एकूण १८० अंश. परिवर्तक १२ बिटचा असेल तर तो या पल्ल्याच्या ४०९६ पायऱ्या करतो. एक पायरी साधारण ०.०४४ अंशाची झाली. कागदावर हे झकास दिसतं. पण ॲम्प्लिफायरच तापमानानुसार सरकत असेल, तर ४०९६ पायऱ्यांचा जिना आख्खाच वर-खाली होतो. पायऱ्या बारीक असणं वेगळं आणि जिना जागेवर असणं वेगळं. अवकाशात कस लागतो तो दुसऱ्या गोष्टीचा.

मुंबई-पुण्याचं उदाहरण

हे सगळं एका खऱ्या उपकरणात बघायचं तर फार लांब जायला नको. २८ सप्टेंबर २०१५ ला भारताची ‘ॲस्ट्रोसॅट’ ही अवकाश वेधशाळा गेली. तिच्यावर कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर नावाचं उपकरण आहे, लघुनाम सीझेडटीआय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) त्याच्या बांधणीचं नेतृत्व केलं. पुण्याची आयुका, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि इस्रोची केंद्रं सोबत होती. उपकरणाच्या माहितीवर प्रक्रिया करण्याचं केंद्र आयुकातच आहे.

सीझेडटीआय कृष्णविवरं, न्यूट्रॉन तारे आणि दूरच्या स्फोटांतून येणारे उच्च ऊर्जेचे क्ष-किरण टिपतं. त्यासाठी त्यात ६४ डिटेक्टर बसवलेत. प्रत्येक डिटेक्टर साधारण ४ सेंटिमीटर चौरस आणि ५ मिलिमीटर जाड स्फटिकाचा, आणि त्यावर १६ गुणिले १६ असे २५६ पिक्सेल. एकूण पिक्सेल झाले १६,३८४. एवढ्या पिक्सेलांच्या १६,३८४ तारा ओढणं अशक्यच. म्हणून प्रत्येक स्फटिकाच्या पाठीमागे वाचन करणारी चिप चिकटवलेली आहे. क्ष-किरणाचा एक कण आला की कुठल्या पिक्सेलवर आला आणि किती ऊर्जेचा होता हे तिथल्या तिथे आकड्यात येतं. त्यावर वेळेचा शिक्का बसतो तो २० मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक, म्हणजे सेकंदाचा पन्नास हजारावा भाग.

आता मूळ प्रश्न. यातला एखादा पिक्सेल बिघडला, काही आलेलं नसताना सारखा ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायला लागला तर? गावात एक भोंगा अखंड वाजत राहिला तर बाकी काहीच ऐकू येत नाही, तसं होतं. एका गोंगाटी पिक्सेलमुळे साठवणीची जागा कचऱ्याने भरते. म्हणून पृथ्वीवरून आज्ञा देऊन तेवढाच पिक्सेल बंद करता येईल अशी सोय आधीच ठेवली आहे. १६,३८४ मधले काही गेले तरी उपकरण चालतं.

दुसरी सोय याहून हुशारीची आहे. चिपचं मोजमाप वर्षागणिक सरकतंय का, हे कळायला एखादं पक्कं माप हवं. वाण्याच्या दुकानात प्रमाणित वजन असतं ना, तसं. सीझेडटीआयमध्ये हे माप म्हणजे अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाचा छोटा स्रोत. त्यातून ५९.५ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे किरण निघतात आणि ही ऊर्जा कधी बदलत नाही. पण मग आकाशातून आलेला किरण आणि घरचा किरण यांत घोळ नाही का होणार? इथे एक युक्ती आहे. अमेरिसियमचा अणू हा किरण सोडतो त्याच क्षणी एक अल्फा कणही सोडतो. स्रोताजवळचा वेगळा स्फटिक तो अल्फा कण पकडतो आणि खूण करतो, की आत्ता जो किरण येईल तो आपल्याच घरचा. वेगळा काढा. अशा रीतीने निरीक्षण चालू असतानाच मोजमापही तपासलं जातं.

६ ऑक्टोबर २०१५ ला हे उपकरण सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी त्याने एका गॅमा किरण स्फोटाची नोंद केली. त्या स्फोटाचं नाव जीआरबी १५१००६ए. स्फोट उपकरणाच्या नजरेसमोरही नव्हता, खूप तिरका, बाजूला होता. पुढे २०१७ मध्ये याच पिक्सेलांच्या जोरावर क्रॅब पल्सारच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजल्याचा शोधनिबंध ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त आला. एक कण एका पिक्सेलवर आपटून शेजारच्या पिक्सेलवर जातो, अशा जोड-नोंदी वेचून हे मोजमाप केलं होतं. वेळेचा शिक्का इतका बारीक नसता तर कुठल्या दोन नोंदी जोडीच्या हे कळलंच नसतं. ५ वर्षांसाठी आखलेली ही वेधशाळा त्याच्या कितीतरी पुढे चालत राहिली.

या गोष्टीला एक बोचरी बाजूही आहे. ते स्फटिक आणि त्यामागच्या चिप भारतीय नव्हत्या. डिटेक्टर इस्रायलच्या ऑर्बोटेक मेडिकल सोल्युशन्स या कंपनीचे, मुळात वैद्यकीय कॅमेऱ्यांसाठी बनणारे. आपल्या शास्त्रज्ञांनी ते तपासले, निवडले आणि अवकाशात टिकतील अशा उपकरणात बसवले. हे काम छोटं नाही. पण चिपच्या आतली आखणी दुसऱ्याची होती.

अवकाशात चिपला मारतं कोण?

थंडी-ऊन हा एक शत्रू. ६५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण पावणेदोन तासांच्या आत पृथ्वीला फेरी मारतो. दर फेरीत ऊन आणि सावली. हवाच नाही, त्यामुळे पंखा लावून चिप गार करता येत नाही. उष्णता धातूच्या पट्ट्यांतून बाहेर नेऊन अवकाशात विकिरित करावी लागते. सीझेडटीआयचे डिटेक्टर असेच, विजेचं शीतयंत्र न वापरता, ० ते १५ अंशांच्या आसपास ठेवले जातात.

पण खरा वैरी आहे किरणोत्सार, आणि तो तीन प्रकारे घात करतो.

पहिला प्रकार झिजवण्याचा. ट्रान्झिस्टरमध्ये सिलिकॉन ऑक्साइडचा अतिशय पातळ विद्युतरोधक थर असतो. किरणांच्या माऱ्याने त्या थरात विद्युतभार अडकून बसतो, वर्षानुवर्षे साचत जातो. हळूहळू ट्रान्झिस्टर भलत्याच वेळी चालू-बंद व्हायला लागतो किंवा बंद असतानाही वीज गळू लागते. ठिबकच्या नळीत क्षार साचतो तसाच प्रकार, एका दिवसात कळत नाही. याचा पहिला मोठा फटका टेलस्टार या दळणवळण उपग्रहाला बसला. अमेरिकेने ९ जुलै १९६२ ला पॅसिफिकवर अतिउंचीवर अणुस्फोट केला आणि दुसऱ्याच दिवशी टेलस्टार सुटला. त्या स्फोटाने अवकाशात सोडलेल्या इलेक्ट्रॉनांनी त्याचे ट्रान्झिस्टर इतके खराब केले की त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तो आज्ञा घेईनासा झाला. अभियंत्यांनी त्याला काही काळ पुन्हा जागं केलं, पण फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा गप्प झाला.

दुसरा प्रकार क्षणात होतो. एखादा जोरदार कण मेमरीच्या पेशीतून आरपार जातो आणि ० चा १ होतो. चिप फुटत नाही, जळत नाही, फक्त आकडा बदलतो. तापमान ३१ ऐवजी ९५ दिसलं तर कुणाला तरी शंका येईल. पण ३१ चं ३० झालं तर कुणालाच कळणार नाही. चुकीची अशी चूक जास्त घातक.

तिसरा प्रकार सगळ्यात भीतीदायक. कणाच्या आघाताने चिपमध्ये नको ती वाट उघडते आणि वीज भसाभस वाहू लागते. वेळीच पुरवठा तोडला नाही तर चिप जळून जाते.

याची किंमत किती मोठी असू शकते ते रशियाच्या ‘फोबोस-ग्रुंट’ यानाने दाखवलं. मंगळाच्या चंद्रावरून माती आणायला निघालेलं हे यान नोव्हेंबर २०११ मध्ये सुटलं, पण पृथ्वीची कक्षाच सोडू शकलं नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये खाली कोसळलं. रशियन चौकशीत कारण सांगितलं गेलं ते असं: अवकाशासाठी न बनवलेल्या मेमरी चिपवर जड कणांचा आघात झाला आणि संगणक पुन्हा सुरू होण्याच्या चक्रात अडकला. या निष्कर्षावर तज्ज्ञांनी शंकाही घेतल्या. पण अशा यानात तशी चिप होती, एवढीच गोष्ट डोक्याला हात लावायला पुरेशी आहे.

मग चिपचा आराखडा कसा बदलतो?

एक उपाय पंचांचा. महत्त्वाचा प्रत्येक बिट तीन ठिकाणी ठेवायचा आणि बहुमताने निर्णय घ्यायचा. एकाचं डोकं फिरलं तरी उरलेले दोघे खरं सांगतात. यात जागा आणि वीज तिपटीहून जास्त लागते. मेमरीत जास्तीचे तपासणी-बिट ठेवतात, त्यावरून एखादा उलटलेला बिट ओळखून सरळ करता येतो.

वीज भसाभस वाहू नये म्हणून ट्रान्झिस्टरभोवती संरक्षक कडी आखतात, आणि पुरवठ्यावर पहारेकरी बसवतात. वीज मर्यादेबाहेर गेली की तो एका क्षणात पुरवठा तोडतो, थोडं थांबतो, पुन्हा देतो. गळती रोखायला ट्रान्झिस्टरचा गेट सरळ पट्टीऐवजी बंद कड्यासारखा काढतात, म्हणजे जिथून वीज गळते ती कडच उरत नाही. अशा ट्रान्झिस्टरला जागा जास्त लागते, त्यामुळे त्याच चौरसात कमी मंडलं मावतात. अवकाशातली चिप ‘मागासलेली’ दिसते त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण तिच्या मापाचं. तुमच्या फोनमधला नवा प्रोसेसर ३ ते ५ नॅनोमीटर म्हणवल्या जाणाऱ्या तंत्राचा असतो. अवकाशात मात्र १८० नॅनोमीटरचं, म्हणजे साधारण २५ वर्षांपूर्वीचं तंत्र आजही मानाने वापरलं जातं. मोठ्या पेशीत विद्युतभार जास्त असतो, तो उलटवायला कणही तेवढाच जोरदार लागतो. शिवाय या तंत्राच्या खोड्या इतक्या वर्षांत सगळ्यांना पाठ झाल्या आहेत. यान बनवणाऱ्यांना आश्चर्याचे धक्के आवडत नाहीत.

ऑनलाइन चर्चांत ‘१८० नॅनोमीटर? जग कुठे चाललंय’ अशी थट्टा हमखास दिसते. कार्यक्रमात दाखवलेल्या भारतीय चिपवरही ती झाली. २ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत सेमीकॉन इंडियात ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटचा प्रोसेसर पंतप्रधानांना देण्यात आला. तो इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने आखला आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर बनवला. तो उणे ५५ ते अधिक १२५ अंशांत चालतो आणि पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत प्रत्यक्ष अवकाशात तपासला गेला. रॉकेट चालवायला त्याला रील एडिट करायची नसते, तेव्हा फोनशी तुलना निरर्थक आहे.

पवईतली छोटीशी मेमरी

सेन्सर चिपांचा आणखी एक त्रास अवकाशात जाण्याआधीच सुरू होतो. एकाच तबकडीवर बनलेल्या दोन चिप कधीच हुबेहूब सारख्या नसतात. एक दाब थोडा कमी दाखवते, दुसरी थोडा जास्त. प्रत्येक चिप तपासून तिची चूक किती ते मोजायचं आणि तेवढी दुरुस्ती तिच्याच पोटात कायमची लिहून ठेवायची, हा यावरचा उपाय. त्यासाठी एकदाच लिहिता येणारी, वीज गेली तरी न पुसणारी थोडीशी मेमरी लागते.

आयआयटी मुंबईतल्या प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने मोहालीच्या प्रयोगशाळेसोबत नेमकी अशी ८ बिटची मेमरी १८० नॅनोमीटर तंत्रात विकसित केली. ती उत्पादनासाठी स्वीकारल्याची माहिती २०२१ मध्ये जाहीर झाली. यात सिलिकॉन डायऑक्साइडचा अतिपातळ थर मुद्दाम वेगळा चढवतात आणि लिहिताना त्यालाच कायमचं भेदतात. त्यामुळे जुन्या पद्धतीपेक्षा कमी वीज आणि कमी जागा लागते. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्यांची दुरुस्ती. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अशा मेमरीवाचून देशी सेन्सर चिप अचूक म्हणून विकताच येत नाही.

मोहालीची ही प्रयोगशाळा १९८० च्या दशकात सुरू झाली आणि १९८९ च्या आगीत तिचं उत्पादन बेचिराख झालं. ती आग लागली नसती तर भारताचा चिप उद्योग कुठे असता, हा जाणकारांचा आवडता पण न सुटणारा वाद आहे. २००६ पासून ती अवकाश विभागाकडे होती, आता इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आहे.

चंद्रावरचा देशी कान

पूर्ण देशी सेन्सरचं सगळ्यात बोलकं उदाहरण चांद्रयान-३ वर गेलं. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर उतरला, त्यावर ‘इल्सा’ हे भूकंपमापक होतं. बंगळूरुच्या लिओस या इस्रोच्या प्रयोगशाळेने ते बनवलं. त्यात सिलिकॉन कोरून घडवलेले ६ त्वरणमापक आहेत. प्रत्येकात सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं सूक्ष्म वजन आणि त्याला फणीसारखे इलेक्ट्रोड. जमीन हलली की वजन किंचित सरकतं, फण्यांमधलं अंतर बदलतं, विद्युतधारिता बदलते आणि तिचं व्होल्टेज बनतं. या तंत्राचं चंद्रावर गेलेलं हे पहिलं उपकरण.

२५ ऑगस्टला त्याने प्रज्ञान रोव्हरच्या चालण्याची थरथर टिपली. २६ ऑगस्टला आणखी एक नोंद आली, ती नैसर्गिक असावी असं इस्रोने म्हटलं. अशा वेळी पहिला प्रश्न शास्त्राचा नसतो, चिपचा असतो: ही हालचाल चंद्राची की आपल्याच यंत्राची?

मग साधी चिप चालतच नाही?

चालते, आणि हे सांगणं गरजेचं आहे. मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्ये फोनमधला स्नॅपड्रॅगन ८०१ प्रोसेसर होता. ५ उड्डाणांची अपेक्षा होती, जानेवारी २०२४ पर्यंत ७२ झाली. पण त्याच्यावर नजर ठेवायला, चुकला तर सावरायला वेगळी, टणक मंडलं सोबत होती. शिवाय तो प्रयोग होता, फसला असता तरी मुख्य रोव्हरचं काम अडलं नसतं. लहान, स्वस्त, दोन-तीन वर्षांच्या उपग्रहांत बाजारातली चिप तपासून वापरणं हा आता रुळलेला मार्ग आहे. १० वर्षं टिकायच्या हवामान उपग्रहात तो जुगार कुणी खेळत नाही.

पुढचं पाऊल

आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली ‘दक्ष’ या मोहिमेचा प्रस्ताव आहे. दोन उपग्रह, पृथ्वीच्या दोन बाजूंना, म्हणजे आकाशाचा कुठलाही भाग नजरेआड राहू नये. त्यातही सीझेडटीआयसारखेच कॅडमियम झिंक टेल्युराइडचे डिटेक्टर योजलेले आहेत, पण संख्येने कितीतरी जास्त. स्फटिक आणि त्यामागची वाचन-चिप कुठून येणार, हा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो.

चिप आखायला मोठ्या शहरातच राहावं लागतं असं मात्र उरलेलं नाही. केंद्र सरकारच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात सहभागी महाविद्यालयांना चिप आखण्याची महागडी सॉफ्टवेअर वापरायला मिळतात आणि विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप मोहालीत १८० नॅनोमीटरवर बनवून दिल्या जातात. जळगाव-धुळ्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने प्रवेश घेताना विचारायचा प्रश्न एवढाच, की आपलं महाविद्यालय त्या यादीत आहे का.